सहा रविवारांची मोहिनी

मी एक कागद बोलतोय. कागद म्हटलं की तुम्हाला एक तर परीक्षेची उत्तरपत्रिका आठवते, नाहीतर कचेरीतला अर्ज. मी त्या दोन्ही घराण्यांतला नाही. माझ्यावर एका बाईचं अख्खं आयुष्य लिहिलेलं आहे. तिच्या अंगात ताकद किती, ती पळते किती, तलवार कोणती वापरते, थैलीत दोर किती हात आहे, सगळं. आणि ती बाई या जगात कधी नव्हतीच.

कोड्यात बोलत नाही, नीट सांगतो. एक खेळ असतो. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. सूत्रधार म्हणतो, पुढे दरी आहे, काय करता? कोणी म्हणतं, उडी मारतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि उडी जमली की हाडं मोडली हे त्या फाशाने ठरवायचं. ज्याचं पात्र त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. तसा मी एक.

माझा जन्म चष्म्यांच्या दुकानात झाला. दुकान दोन बहिणींचं. थोरलीला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. डोळे तपासायचं काम तिचं. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला उंच खुर्चीवर बसवून ती त्याच्या डोळ्यांपुढे एकेक काच सरकवायची आणि विचारायची, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" दिवसातून शंभर वेळा विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचीही. धाकटी पुढच्या बाजूला काचांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवायची. तिने बसवलेली काच दहा वर्षं हलत नसे.

दोघींत नऊ वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, त्यामुळे धाकटीची वेणी घालण्यापासून शाळेत जाऊन बाईंना भेटण्यापर्यंत सगळं ताईने केलं. मायेने केलं, यात तिळमात्र शंका नाही. फक्त वेणी घालायचं वय सरलं, हे ताईच्या लक्षात आलं नाही. धाकटी तिशीला टेकली तरी तिने स्वेटर कोणत्या रंगाचा घ्यायचा हे ताई ठरवायची, आणि धाकटी हूं की चूं न करता तो घालायची. परक्या माणसाला डोळ्यांना बरं काय वाटतं ते विचारणारी ताई घरात कधी काही विचारत नसे. तिला वाटायचं, मला ठाऊक आहे की.

रविवारी दुकान बंद. दुपारी दोन वाजता शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि मंडळी वाकून आत येऊन काचेच्या काउंटरभोवती बसायची. तेच आमचं टेबल. मंडळी म्हणजे दोनच. एक सूत्रधार. हे बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायचे. त्यांच्या गोष्टीत राक्षससुद्धा सात वाजून बारा मिनिटांनी यायचा. दुसरे जनावरांचे डॉक्टर. आठवडाभर गाईगुरांची आणि कुत्र्यामांजरांची दुखणी काढणारे, चालताना मुंगी चुकवणारे गृहस्थ. रविवारी मात्र त्यांचं पात्र असा अट्टल चोर असायचं, की सूत्रधारांच्या राजवाड्यात एक चमचा शिल्लक राहत नसे.

ताई जादूगारीण झाली. दुसरं काय होणार होती? आणि धाकटी झाली तलवारवाली. पहिल्या रविवारी तिने मला ड्रॉइंगच्या वहीतून काढलं, पट्टीने रकाने आखले आणि शिसपेन्सिलीने भरायला बसली. ताईने वाकून बघितलं आणि म्हणाली, तलवार कशाला, तू वैदू हो, ते तुला शोभेल. धाकटीने नुसतं हसून तलवार लिहिली. मला वाटतं, तिने स्वतःच्या मनाने लिहिलेला तो पहिला शब्द असावा. मला त्याचा फार अभिमान आहे.

आमच्या टेबलाचा एक कायदा होता. आपल्या कागदावर आपणच लिहायचं, दुसऱ्याच्या कागदाला कोणी हात लावायचा नाही की त्यात डोकवायचं नाही. जखम झाली तर जखमी माणसानेच ती नोंदवायची. हा कायदा सूत्रधारांनी केला, कारण डॉक्टर आपला चोर मरू नये म्हणून सगळ्यांच्या कागदांवर खोडाखोड करायचे.

दोन वर्षं असे रविवार चालले. काय दिवस होते ते! माझ्या उजव्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. तो चोराने झोपलेल्या राक्षसाच्या कानातलं काढलं तेव्हाचा. डॉक्टर हसता हसता खुर्चीसकट मागे गेले आणि सगळ्या आरशांतून चार-चार डॉक्टर पडताना दिसले. मधोमध एक भोक आहे. तलवारवालीची ताकद इतक्या वेळा कमी-जास्त झाली की खोडरबराने तिथे माझं कातडंच उतरलं. एकदा तिने एकटीने पूल अडवून धरला होता, तेव्हा धाकटी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती, आणि तिचा आवाज शटरबाहेर रस्त्यापर्यंत गेला होता. सोमवारी तीच धाकटी गिऱ्हाइकाला इतक्या हळू बोलायची की त्याने कान पुढे करावा. मला तिच्या दोन्ही आवाजांची सवय झाली होती, पण खरा कोणता हे मला विचाराल तर मी रविवारचा सांगेन.

मग ते पत्र आलं. दूरच्या एका गावात वेधशाळा होती, तिथे दुर्बिणींची भिंगं घासायचा कारखाना होता. धाकटीने कोणाला न सांगता तिथे अर्ज केला होता, सोबत स्वतः घासलेलं एक भिंग पाठवलं होतं. त्यांनी कळवलं की काम पसंत आहे, दोन महिन्यांत होकार कळवा. मला हे ठाऊक आहे, कारण ते पत्र तिने माझ्याच फाइलमध्ये ठेवलं. आम्ही शेजारी झालो.

ताईने पत्र वाचलं आणि एका दमात दहा अडचणी काढल्या. तिथे आपलं कोण आहे, थंडी किती असते, आजारी पडलीस तर पाणी कोण देईल, आणि इथे काचा कोण बसवणार? शेवटची अडचण खरी होती आणि तिच्याही खाली एक होती, ती ताईने उच्चारली नाही. संध्याकाळी घरी परतल्यावर आपल्याशी बोलायला कोण असेल, ही ती अडचण. धाकटीने पत्राची घडी घातली आणि ते परत फाइलमध्ये ठेवलं.

त्याच रविवारी आमची मंडळी गोष्टीतल्या एका बेटावर पोहोचली होती. तिथला दीपगृहाचा रखवालदार मेला होता आणि जहाजं खडकांवर आपटत होती. दिवा एकदा लावायचा आणि पुढच्या गावी निघायचं, असा सूत्रधारांचा बेत. पण दिवा लागल्यावर धाकटी म्हणाली, "तलवारवाली इथेच राहते."

डॉक्टरांना वाटलं, रात्रीपुरतं राहते. तिने समजावून सांगितलं की तिला इथे काम सापडलंय, तुम्ही पुढे जा, मी पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन येईन. खेळात हे चालतं. सूत्रधारांनी मानही डोलावली. पण ताईला ते कुठेतरी लागलं. ती म्हणाली की हा वेडेपणा आहे, आपण कायम एकत्र असतो. आणि धाकटी मागे हटत नाही असं पाहून तिने आपल्या जादूगारणीच्या यादीवर बोट ठेवलं. मोहिनी.

मोहिनी म्हणजे दुसऱ्याचं मन आपल्याकडे वळवायचा मंत्र. ती ज्याच्यावर चालते त्याला मंत्र टाकणाऱ्याचं सगळं पटू लागतं. आजवर ती पहारेकऱ्यांवर, दरोडेखोरांवर, एकदा एका चिडलेल्या अस्वलावर चालली होती. आपल्याच माणसावर कोणी टाकली नव्हती.

"अहो ताई, आपल्यातल्याच बाईवर?" डॉक्टर म्हणाले.

"तिच्याच भल्यासाठी," ताई म्हणाली.

सूत्रधारांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पुस्तकात मनाई नव्हती. वेळापत्रकवाल्या माणसाला छापील ओळ दिसली की पुढे तो माणसाचं तोंड बघत नाही. ते म्हणाले, मोहिनी एक घटका टिकते, तलवारवालीने चौदाच्या वर फासा टाकला तर ती वाचेल. धाकटीने फासा टाकला. अकरा पडले.

तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. मी टेबलावर उताणा पडलेला असतो, मला चेहरे खालून दिसतात. ती रडली नाही, रागावलीही नाही. सोमवारचा चेहरा रविवारी आला, एवढंच झालं. तिने पेन्सिल उचलली आणि माझ्या तळाशी लिहिलं, 'मोहिनी लागली आहे. जादूगारणीचं ऐकायचं.' तलवारवाली होडीत बसली आणि बेट मागे पडलं.

आता चूक कुठे झाली ते ऐका. मोहिनी लागलेल्या माणसाला ती उतरली हे स्वतःहून कळत नसतं, ते सूत्रधाराने सांगायचं असतं. सूत्रधारांनी चिठ्ठीवर वेळ टिपून ठेवली होती. पण होडी निघाली तोच समुद्रातून काहीतरी प्रचंड वर आलं, फासे धडाधड पडू लागले, चिठ्ठी चष्म्यांच्या डब्यांच्या खोक्यामागे गेली. मोहिनी उतरली, असं कोणी म्हणालंच नाही.

पुढच्या रविवारी जादूगारीण म्हणाली, डावीकडून जाऊ. तलवारवाली म्हणाली, बरं. जादूगारीण म्हणाली, कैद्यांना सोडून देऊ. तलवारवाली म्हणाली, बरोबर आहे तुझं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. धाकटी नियमाने खेळत होती. माझ्या तळाशी ओळ लिहिलेली होती आणि ती पुसा असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. एका वाक्यात विचारता आलं असतं की, उतरली का हो मोहिनी? तिने विचारलं नाही, हे मी झाकून ठेवणार नाही. तिचा रुसवा होता तो. तिला बघायचं होतं, कोणाच्या लक्षात येतंय का.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. उलट टेबल खूश होतं, भांडण नाही की वाद नाही, गोष्ट कशी सरळ चालली होती. ताई तर फुलली होती. दुकानातही धाकटीची तीच गत, ताई म्हणेल त्याला बरं. ताईने एका सकाळी वेधशाळेला नकाराचं पत्र तोंडी सांगितलं आणि धाकटीने पडत्या फळाची आज्ञा मानून लिहून घेतलं, खाली सही केली. ते पत्रही माझ्या फाइलमध्ये आलं. पाकिटात भरायचं राहिलं होतं, पण मुदतीचा शुक्रवार जवळ येत होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण कागदाला लिहिलेलंच बोलता येतं, आणि माझ्यावर लिहिलेलं वाचायला कोणी वाकत नव्हतं. तो कायदा होता ना आमचा.

सहाव्या रविवारी मंडळी एका खोल विहिरीच्या काठावर उभी होती. तळाशी काय आहे कोणालाच ठाऊक नाही. चर्चा लांबली, तशी ताई कंटाळून गमतीने म्हणाली, आता एकच उपाय, तलवारवाली, तू मार बाई उडी.

"बरं. मारते," धाकटी म्हणाली आणि फासा उचलला.

सूत्रधारांनी तिला थांबवलं. दोर बांधलेला नाही, तळ दिसत नाही, पात्र जागच्या जागी मरेल, शुद्धीवर आहेस ना, असं ते बरंच काही बोलले. धाकटीने शांतपणे मला उचललं आणि सगळ्यांसमोर धरलं. सहा रविवारांनंतर प्रथमच माझा तळ कोणीतरी वाचला.

"ती तर एका घटकेची होती," सूत्रधार म्हणाले. "बेटावरच्या त्याच संध्याकाळी उतरली."

"मला कोणी सांगितलं नाही."

सूत्रधारांचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक गाडी सुटली नव्हती, एवढंच ते पुटपुटले. डॉक्टर आपल्या कागदाकडे बघत राहिले. ताईने मात्र आधी आवाज चढवला, तिची सवयच ती. सहा आठवडे गप्प का बसलीस, विचारता येत नव्हतं का, आम्ही काय परके आहोत? आणि बोलता बोलताच तिचा आवाज उतरला, कारण तिला तिचंच काहीतरी आठवत असावं.

"सहा रविवार," ती म्हणाली, "मला वाटत होतं, आपलं किती छान चाललंय."

धाकटीने फाइलमधून नकाराचं पत्र काढून काचेवर ठेवलं. "ताई, हेही मोहिनीतच लिहिलंय."

ताईने पत्र उचललं. अक्षर धाकटीचं, सही धाकटीची, आणि शब्दन् शब्द ताईचा स्वतःचा. तिने ते दोनदा वाचलं. मग तिचा हात खोडरबराकडे गेला आणि माझ्या तळाशी आला. तिला ती ओळ पुसायची होती. पण टेकायच्या आत हात थांबला, तिने खोडरबर धाकटीपुढे सरकवलं आणि अगदी हळू विचारलं, "तलवारवालीला काय करायचंय?"

मी दोन वर्षं त्या टेबलावर होतो. ताईने असा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

धाकटीने ओळ पुसली. फार वेळ पुसत होती, मला चुरचुरलं. मग ती म्हणाली, "ती बेटावर परत जाते. आणि मी मंगळवारी होकार पाठवते."

ताई उठून मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. डॉक्टरांनी तेवढ्यात जाहीर केलं की इथून पुढे आपल्या माणसाच्या डोक्याशी खेळायचं तर आधी त्याला विचारायचं, पुस्तकात असो वा नसो. माझ्या चोराला डोकंच नाही, त्याच्यावर कोणीही कधीही मोहिनी टाका, अशी पुरवणीही त्यांनी जोडली. कोणी हसलं नाही. सूत्रधारांनी मात्र तो कायदा वहीत उतरवला, खाली तारीख आणि वेळ घातली.

दहा मिनिटांनी ताई बाहेर आली. डोळे लाल होते. "तिथे थंडी फार असते," ती म्हणाली. "जाड स्वेटर घे." आणि मग, जीभ चावल्यासारखी, "घ्यावासा वाटला तर."

धाकटी गेली. जाताना मला काउंटरच्या खणात ठेवून गेली. पुढचे रविवार तिघांचे झाले, मग डॉक्टरांची बदली झाली आणि शटर रविवारी पूर्ण खाली राहू लागलं. काचा बसवायला नवा माणूस आला, कामाला वाईट नाही. खणात माझ्या सोबतीला जुन्या फ्रेमच्या दांड्या आणि बारीक स्क्रू. अंधारात पडल्या पडल्या मी पुलावरची लढाई मनात खेळायचो, राक्षसाचं कानातलं आठवायचो. ताई कधीकधी खण उघडायची, मला बाहेर काढायची, वाचायची आणि परत ठेवायची. तिच्या कानावर पेन्सिल असायची नेहमी. माझ्यावर तिने एक टिंबसुद्धा काढलं नाही.

चार वर्षं अशी गेली, आणि परवाच्या रविवारी शटर अर्धं वर गेलं. धाकटी आठ दिवसांसाठी आली होती. सूत्रधार आता निवृत्त झालेत, ते वाकताना कमरेला हात लावून आत आले. ताईने मला मोठ्या कौतुकाने धाकटीपुढे ठेवलं. हिलाच घेऊन खेळ, मी जपून ठेवलीय, असं ती म्हणणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिने विचारलं, "ही हवीय की नवी?"

धाकटीने मला हातात घेतलं. भोकातून ताईकडे पाहिलं, चहाच्या डागाला हसली. "नवी," ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, माझ्या जिवाचं पाणी झालं. पण बेटावरच्या बाईला पुन्हा बेटावरून ओढून आणायचं, ते तरी बरं दिसलं असतं का? तिने पांढराशुभ्र कागद काढला, पट्टीने रकाने आखले. मग ताईला म्हणाली, हिच्यावर तुझी मोहिनी चालेल बरं का, मला आवडेल बघायला काय होतं ते. ताई म्हणाली, बघू, मूड असला तर टाकेन. आणि दोघी हसल्या.

तर मंडळी, एवढंच माझं आयुष्य. तुम्हीही कधी असं टेबलाभोवती बसलात आणि हातात असा मंत्र आला, तर समोरच्याला आधी विचारा. आणि टाकलीच मोहिनी, तर ती उतरल्याचं त्याला सांगायला विसरू नका. आता माझा निरोप घ्या. मी मात्र खणात परत गेलो नाही. काचेच्या काउंटरवर पेन्सिलीचं टोक घसरतं, म्हणून धाकटीने नव्या कागदाखाली मला सरकवलंय. ती काय लिहितेय ते मला वाचता येत नाही. पण एकेक अक्षर पाठीवर उमटतंय. हात चांगला दाबून लिहितेय पोरगी.